पेनीच्या जारमधलं तांबं: निवडावं का, कसं, आणि ठेवायचं किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाकडे पाण्याच्या मोठ्या जारमध्ये वर्षानुवर्षं टाकलेल्या पेन्या (अमेरिकेची एक सेंटची नाणी) साठल्यात, वजन चाळीस किलोच्या आसपास. पेनी पाडणं बंद झाल्यापासून ‘जुन्या पेनीत तीन सेंटचं तांबं असतं’ हे त्यांच्या सारखं कानावर येतंय. तांब्याच्या पेन्या ओळखायच्या कशा, निवडत बसण्यात काही अर्थ आहे का, आणि पुढच्या खेपेला पुण्याला नेऊन मोडीत घातल्या तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटचं आधी सांगते. पुण्याला न्यायचा विचार सोडून द्या. अमेरिकेच्या अर्थखात्यानं १४ डिसेंबर २००६ ला एक आणि पाच सेंटची नाणी वितळवायला आणि देशाबाहेर पाठवायला बंदी केली आणि एप्रिल २००७ मध्ये ती कायम केली. बंदी मोडली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रवासाला निघताना पर्समध्ये पाच डॉलरपर्यंतची अशी चिल्लर असली तर कुणी विचारत नाही. नाणेसंग्रहासाठी किंवा खेळ-करमणुकीसाठी नेत असाल तर मर्यादा पंचवीस डॉलरची. भाच्याला दाखवायला मूठभर नेण्यापुरतं हे भरपूर झालं. पण तांबट आळीत विकायच्या हेतूनं निघालात, तर पंचवीस डॉलरची सवलत तुम्हाला लागूच होत नाही. दागिना, शोभेची वस्तू किंवा शाळेतला प्रयोग यासाठी थोडी नाणी कापली-ठोकली तर हरकत नाही, फक्त धातूच्या किमतीवर नफा काढणं हा उद्देश नको. पर्यटनाच्या ठिकाणी पेनी दाबून लांबट चकती करून देणारी यंत्रं बिनघोर चालतात ती म्हणूनच.

आता निवडण्याकडे येऊ. सगळा खेळ १९८२ या एका सालाभोवती आहे. त्याआधीची पेनी ९५ टक्के तांब्याची, वजन ३.११ ग्रॅम. उरलेले पाच टक्के पूर्वी कथील आणि जस्त असत. १९६२ पासून कथील गेलं आणि नुसतं जस्त राहिलं. १९८३ पासूनची पेनी म्हणजे ९७.५ टक्के जस्त, वरून तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. सत्तरच्या दशकात तांबं महागलं तेव्हा टांकसाळीनं आधी अॅल्युमिनियम करून पाहिलं होतं. १९७४ सालच्या तशा पंधरा लाखांच्या आसपास पेन्या पाडल्याही गेल्या, पण त्या चलनात आल्याच नाहीत. विक्रीयंत्रं बनवणाऱ्यांनी विरोध केला आणि बालरोगतज्ज्ञांनीही, कारण पोरानं गिळलेलं अॅल्युमिनियमचं नाणं क्ष-किरणात नीट दिसत नाही. मग १९८२ मध्ये जस्तावर शिक्कामोर्तब झालं.

म्हणजे जारमधली बहुतेक नाणी नुसतं साल वाचून दोन ढिगांत जातात. १९८१ पर्यंतची तांब्याची, १९८३ पासूनची जस्ताची. चाळिशी उलटली असेल तर भिंग आणि टेबलावरचा कडेनं पडणारा उजेड हवा. झिजलेलं साल तिरप्या उजेडात चटकन उठून दिसतं. साल राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या छातीसमोर असतं आणि त्याच्या खाली टांकसाळीची खूण. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, आणि काहीच नसलं तर सहसा फिलाडेल्फिया. ही खूण आत्ता वाचायची सवय लावून घ्या, पुढे तिचा उपयोग आहे.

१९८२ चा ढीग मात्र वेगळा काढून ठेवा. त्या वर्षी १६ अब्जांहून जास्त पेन्या पडल्या, काही तांब्याच्या आणि काही जस्ताच्या, आणि दोन्हींच्या अंगावर साल तेच. मोठ्या आकड्यांचा साचा, लहान आकड्यांचा साचा, दोन धातू आणि टांकसाळीची खूण यांच्या मेळातून सात प्रकार होतात. संग्राहक ते सातही जमवतात. तुम्हाला फक्त धातू हवाय, तेव्हा आकड्यांच्या वेलांट्या निरखत बसू नका, वजन करा. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वीस डॉलरच्या आत मिळतो. २.५ च्या आसपास भरलं तर जस्त, ३.१ च्या आसपास भरलं तर तांबं. मधे कोणी सापडत नाही, कारण टांकसाळीची चूकभूल एक दशांश ग्रॅमच्या आसपास असते आणि अंतर आहे त्याच्या सहापट. काटा नसेल तर कान वापरा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर वीतभर उंचीवरून नाणं टाकलं की तांब्याचं टणत्कार करतं आणि तो थोडा वेळ रेंगाळतो. जस्ताचं नुसतं ‘खट्’ करून गप्प बसतं. आधी १९७५ चं एक आणि २०१० चं एक घेऊन कान तयार करा. लहान मुलांचा कान यात आपल्यापेक्षा तिखट असतो, आणि कंटाळवाण्या कामाला घरातले हात लागतात ते याच भागात.

चुंबकाचा सल्ला बरेच जण देतात. अमेरिकन पेनीला तो निरुपयोगी आहे, कारण जस्तही चिकटत नाही आणि तांबंही नाही. हा सल्ला ब्रिटन-कॅनडाकडून इकडे आलाय. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९२ पासून पेनीत पोलाद आलं, कॅनडात २००० पासून, त्यामुळे तिथे चुंबक फिरवला की काम झालं. अमेरिकेत चुंबकाला चिकटते ती एकच, १९४३ सालची, युद्धात तांबं वाचवायला जस्ताचा थर देऊन पोलादाची पाडलेली. रंगानं ती करडी असते, त्यामुळे चुंबकाशिवायही ओळखू येते. १९४३ ची तांबूस पेनी दिसली तर हरखून जाण्याआधी मात्र चुंबक जरूर लावा. त्या वर्षी चुकून तांब्यावर पडलेल्या मोजक्या पेन्या खरोखर आहेत आणि त्यांना लाखांत किंमत येते, पण बाजारात फिरतात त्या बहुतेक पोलादावर मुलामा चढवलेल्या. चिकटली की विषय संपला.

चाळीस किलोला हात घालण्याआधी जारमध्ये तांबं किती आहे याचा अंदाज घ्या. त्यासाठी एकही साल वाचावं लागत नाही. कुठूनही पन्नास पेन्या मोजून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. सगळ्या जस्ताच्या असत्या तर १२५ ग्रॅम भरल्या असत्या, सगळ्या तांब्याच्या असत्या तर १५५.५. दर तांब्याच्या नाण्यामागे ०.६१ ग्रॅम वाढतं. तेव्हा वजा १२५, भागिले ०.६१. समजा १३१ भरलं, तर त्यात दहाएक तांब्याच्या आहेत. एका मुठीवरून ठरवू नका. जारच्या तळातून, मधून आणि वरून अशा चार-पाच मुठी घ्या. तळात प्रमाण जास्त आढळेल, कारण जारमध्ये नाणी थरांनी बसतात आणि तळ सगळ्यात जुना. घराबरोबर मिळालेली, आधीच्या मालकाची बरणी असेल तर सोन्याहून पिवळं. ऐंशीच्या दशकात झाकण लागलेली बरणी निम्म्याहून जास्त तांब्याची निघू शकते. कालपरवाच्या सुट्ट्या पैशांत पाचात एक मिळाली तरी पुष्कळ समजायची.

हिशेब मांडूया. पाचात एक धरली तर चाळीस किलोत पंधरा हजारांच्या थोड्या वर नाणी, दर्शनी किंमत दीडशे डॉलर. त्यातली तीन हजार तांब्याची, म्हणजे तीस डॉलरची. त्यांचं वजन सव्वानऊ किलो, त्यात शुद्ध तांबं नऊ किलोला थोडं कमी, म्हणजे साडेएकोणीस पौंड. पौंडाला पाच डॉलर भाव धरला तर अठ्ठ्याण्णव डॉलर. तीस डॉलरमध्ये अठ्ठ्याण्णव डॉलरचं तांबं! ‘तीन सेंट’ची बातमी इथून येते आणि ती खोटी नाही. एका पेनीत पौंडाच्या पाऊण टक्क्याहून कमी तांबं असतं, म्हणून भाव दीड डॉलरच्या खाली जाईपर्यंत धातू दर्शनी किमतीपेक्षा महागच राहतो.

पण हे अठ्ठ्याण्णव डॉलर तुम्हाला देणार कोण? वितळवायला बंदी असल्यामुळे भंगारवाला घेणार नाही, आणि उद्या घेतला तरी बाजारभाव देणार नाही. मोडीचा भाव नेहमीच खाली असतो आणि ही मिश्रधातूची मोड आहे. आज खरेदी करतात ती तुमच्या-माझ्यासारखीच माणसं, बंदी उठेल या आशेवर साठवणारी. ती दर्शनी किमतीच्या वर थोडं देतात, पण टपालखर्च त्यात गिळला जातो. दहा किलो धातू टपालानं पाठवायला काय पडतं ते एकदा विचारून बघा. उरलेला अडुसष्ट डॉलरचा नफा आणि पंधरा हजार नाण्यांची सालं वाचायला लागणाऱ्या संध्याकाळी शेजारी शेजारी मांडल्या तर मजुरी निघत नाही. धंदा म्हणून याच्याकडे बघणारे यंत्र घेतात: मधे नमुन्याचं एक नाणं बसवायचं, पडणारं प्रत्येक नाणं विजेवर त्याच्याशी ताडून यंत्र दोन डब्यांत टाकतं. घरच्या एका जारसाठी ते घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

बंदी उठेल का? आशावादी लोक इतिहासाकडे बोट दाखवतात आणि इतिहास त्यांच्या बाजूनं आहेही. चांदीची नाणी वितळवण्यावरची बंदी १९६७ मध्ये आली आणि १९६९ मध्ये गेली. पेनीवर अशीच बंदी १९७४ मध्ये आली होती, ती १९७८ मध्ये गेली. मग आता, १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडून झाल्यावर, ही तरी किती दिवस टिकेल, असं ते म्हणतात. मला मात्र कॅनडाचं उदाहरण जास्त लागू वाटतं. तिथे शेवटची पेनी मे २०१२ मध्ये विनिपेगला पडली, फेब्रुवारी २०१३ पासून वाटप थांबलं, आणि मग बँकांमार्फत पेन्या परत घेऊन धातू काढायचं काम टांकसाळीनंच केलं. तांब्याचा पैसा सरकारकडे गेला. अमेरिकेत अर्थखात्याच्या अंदाजानं ११४ अब्ज पेन्या लोकांकडे पडून आहेत. त्यातला तांब्याचा वाटा खासगी भट्ट्यांना मोकळा सोडायची घाई कुठल्याही सरकारला असेल असं मला वाटत नाही. आणि २००६ ची बंदी पाडणं थांबल्यानं आपोआप उठलेली नाही. पेनी अजूनही कायदेशीर चलन आहे.

हेही लक्षात ठेवा की तांब्याचा भाव काही सरळ वर चढणारा जिना नाही. २००६ मध्ये तो पौंडाला चार डॉलरच्या जवळ गेला, त्यातूनच ही बंदी जन्मली. २००८ च्या शेवटी दीड डॉलरच्याही खाली आला आणि तांब्याच्या पेनीतलं तांबं काही काळ सेंटभराचंही राहिलं नाही. २०११ मध्ये साडेचारच्या वर, २०१६ च्या सुरुवातीला दोनच्या आसपास, २०२४ मध्ये पाचच्या वर. साठवणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद असा की काहीही झालं तरी पेनी एक सेंटच्या खाली जात नाही, म्हणून तोटा अशक्य. आकड्यात ते बरोबर आहे. पण तीस डॉलर वीस वर्षं तळघरात ठेवले तर महागाईनं त्यांचे किती उरतात, हे वाणसामानाच्या बिलावरून तुम्हाला ठाऊकच आहे.

म्हणून माझा सल्ला: जे आपसूक हाताशी आलंय त्यातलं तांबं ठेवा, ते मिळवायला मात्र बाहेर पडू नका. तुमचा जार निवडा, कारण तो आहेच. तांब्याच्या पेन्या एका डब्यात भरा आणि तो डबा भरला की थांबा. बँकेतून पेटीच्या पेटी आणून रात्री जागवायचे दिवस तसेही सरलेत. पूर्वी पंचवीस डॉलर दिले की पन्नास-पन्नासच्या पन्नास गुंडाळ्यांची पेटी सहज मिळायची. आता बऱ्याच शाखांना स्वतःच्या गल्ल्यापुरत्याही पेन्या पुरत नाहीत आणि दुकानं बिलं पाच सेंटच्या पटीत करायला लागलीत. अशा वेळी पेट्या मागणं काउंटरवरच्या बाईंना त्रास देण्यासारखं आहे.

निवडण्याचं माझ्या मते खरं कारण धातू नाहीच, सालं आहेत. १९५८ पर्यंतच्या पेनीच्या मागे गव्हाच्या दोन लोंब्या असतात, १९५९ पासून २००८ पर्यंत लिंकन स्मारक. लोंबीवाली कितीही घासलेली असली तरी ती सेंटात जाऊ देऊ नका. साध्या सालाचीही चार-पाच सेंटना सहज जाते, म्हणजे त्याच तांब्याला तांब्यापेक्षा जास्त भाव आणि कायद्याची कटकट नाही. १९०९ ची, ‘एस’ खुणेची आणि मागे खालच्या बाजूला ‘व्ही डी बी’ ही शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं असलेली पेनी फक्त ४,८४,००० पडली; ती सापडली तर जार विसरा. १९१४ ची ‘डी’ आणि १९३१ ची ‘एस’ याही दुर्मीळ. १९५५ च्या काही पेन्यांवर साचाच दुहेरी उमटलाय, साल आणि अक्षरं भिंगाशिवाय दोनदा दिसतात. त्यातल्या काही सिगारेटच्या पाकिटांबरोबर लोकांच्या हाती गेल्या होत्या: तेवीस सेंटचं पाकीट, यंत्रात टाकायचं पंचवीसचं नाणं, म्हणून वेष्टनात परतीच्या दोन पेन्या आधीच घातलेल्या असायच्या. १९६९ ची ‘एस’ आणि १९७२ ची बिनखुणेची यांच्यातही असेच दुहेरी ठसे आहेत.

जस्ताच्या ढिगावरही एकदा नजर टाकाच, बहुतेक जण इथे घाई करतात. १९८३ च्या पेन्या वेगळ्या काढून वजन करा. आदल्या वर्षीच्या तांब्याच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या आणि १९८३ च्या साच्याखाली आल्या, असं फार क्वचित झालंय, ३.१ ग्रॅमची १९८३ ची पेनी हजारो डॉलरना जाते. तसंच १९८२ ची ‘डी’ खुणेची, लहान आकड्यांची आणि तांब्याची. ती टांकसाळीनं ठरवून कधी पाडलीच नाही. १९९२ च्या पेनीवर मागच्या ‘अमेरिका’ शब्दातली पहिली दोन अक्षरं पायाशी जवळजवळ चिकटलेली दिसली तर तीही बाजूला ठेवा. सापडेलच असं नाही, पण १९८३ चा ढीग तोलायला अर्धा तास लागतो आणि तो सगळ्या जारमधला सर्वांत किफायतशीर अर्धा तास आहे.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास होते ती टाळा. तांबं म्हटलं की हात चिंचेकडे जातो. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी यातलं काहीही नाण्याला लावू नका. देवाचा तांब्या लखलखीत छान दिसतो. पेनी लखलखीत केली की संग्राहक ती हातात घेऊन परत ठेवतो. किमती निघालेली पेनी कडेनं धरा आणि पुठ्ठ्याच्या किंवा मायलार या पॉलिएस्टर फिल्मच्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, ती घेऊ नका. साध्या तांब्याच्या पेन्यांना एवढे लाड नकोत, कोरडी जागा आणि झाकणाचा डबा पुरे. फक्त डबा लहान घ्या. दहा लिटरची बादली भरली की ती उचलत नाही, आणि फळी वाकते ती रात्री.

जस्ताच्या पेन्या दमट तळघरात फुगतात, मुलामा फुटून आतलं जस्त पांढुरकं पडतं. अशा फुगलेल्या नाण्यांना काहीच किंमत नाही. घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर हा ढीग जमिनीवर पसरून निवडू नका. पोटातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि कुत्र्यात त्यानं रक्तपेशी फुटतात. एखादी गिळली अशी शंका आली तर वाट न बघता पशुवैद्याकडे, आणि मूल असेल तर डॉक्टरकडे.

उरलेल्या एकशेवीस डॉलरच्या जस्ताचं काय करायचं तेही सांगते. ज्या बँकेत खातं आहे तिथे आधी फोन करा. काही शाखांत मोजणी यंत्र असतं, काही जण पन्नासच्या गुंडाळ्या करून मागतात. सुपरमार्केटमधलं चिल्लर मोजणारं यंत्र शेकडा दहा-बाराच्या वर कापून घेतं, पण रोख रकमेऐवजी दुकानाचं गिफ्ट कार्ड घेतलं तर बहुतेक ठिकाणी ती कपात होत नाही. शिवाय सध्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पेन्यांची चणचण आहे. दोन-चार गुंडाळ्या त्याला हव्यात का विचारा. तो नोट देऊन आनंदानं घेईल.